जुन्या लॅपटॉपवर व्हिडिओ अडखळतात : फायली पुन्हा कॉम्प्रेस कराव्यात की आधी दोष शोधावा?

क्षितिजरेषा
घरातले सगळे व्हिडिओ एका ठिकाणी, नीट नावे देऊन आणि पुढील अनेक वर्षे पाहता येतील अशा स्वरूपात ठेवण्याचे काम हाती घेतले आहे. त्यांत तीन प्रकार आहेत. मिनीडीव्ही कॅसेटवरून फायरवायर या केबलने उतरवलेल्या एव्हीआय फायली, घरीच तयार केलेल्या काही डीव्हीडी, आणि अलीकडच्या फोनवर चित्रित केलेले ४के व्हिडिओ. लॅपटॉप २०१४ च्या सुमाराचा आहे. त्यात चौथ्या पिढीचा इंटेल आय५ प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम आहे, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नाही. फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहेत.

अडचणी अशा आहेत. फोनचे व्हिडिओ लावले की आवाज सुरळीत चालतो, पण चित्र थांबत थांबत पुढे सरकते आणि रंगही फिके दिसतात. कॅसेटच्या फायली सुरळीत चालतात, मात्र कोणी हात हलवला किंवा कॅमेरा वळला की कडांवर आडव्या रेषा उमटतात आणि एका तासाच्या फाइलने १३ जीबी जागा व्यापली आहे. शिवाय एक एमपी४ फाइल आकाराने मोठी दिसत असूनही कोणत्याच प्लेअरमध्ये उघडत नाही.

सर्व फायली एकदाच लहान करून टाकाव्यात, म्हणजे जागाही वाचेल आणि अडखळणेही थांबेल, असा सल्ला मला मिळाला आहे. तो योग्य आहे का? मूळ फायली त्यानंतर पुसून टाकाव्यात का?

यंत्रवेध
मूळ फायली कृपया पुसू नका. बाकी सर्व चर्चा सावकाश करता येईल, परंतु हे पाऊल मागे घेता येत नाही.

तुम्हाला मिळालेल्या सल्ल्यात एक गृहीतक दडलेले आहे, ते म्हणजे मोठी फाइल अडखळते आणि लहान फाइल सुरळीत चालते. तुमचाच अनुभव त्याच्या उलट आहे. डीव्हीचा, म्हणजे मिनीडीव्ही कॅसेटवरील स्वरूपाचा, व्हिडिओ सेकंदाला २५ मेगाबिट घेतो, तो आकाराने अवाढव्य आहे आणि तरीही तुमच्या लॅपटॉपवर सहज चालतो. याचे कारण असे की डीव्हीमध्ये प्रत्येक चौकट (फ्रेम, म्हणजे एक स्थिर चित्र) स्वतंत्रपणे कॉम्प्रेस केलेली असते; ती उलगडताना मागच्या-पुढच्या चौकटींकडे पाहावे लागत नाही. फोनचा ४के व्हिडिओ बहुधा एचईव्हीसी या कॉम्प्रेशन पद्धतीत असतो. तेथे बहुतेक चौकटींमध्ये केवळ फरक नोंदवलेला असतो, म्हणजे चित्राचा कोणता भाग कोणत्या चौकटीतून घ्यावा, तो किती सरकवावा आणि त्यात कोणती दुरुस्ती करावी. हा हिशोब प्रोसेसरला दर सेकंदाला ३० किंवा ६० वेळा पुरा करावा लागतो.

त्यात चित्राचा विस्तारही लक्षात घ्या. डीव्हीची चौकट ७२० गुणिले ५७६ म्हणजे ४,१४,७२० पिक्सेलची असते. ४केची चौकट ३८४० गुणिले २१६० म्हणजे ८२,९४,४०० पिक्सेलची असते. ही वाढ बरोबर २० पट आहे. म्हणून डिस्कवरील जागा आणि प्रोसेसरवरील भार या दोन स्वतंत्र गोष्टी मानून विचार करावा. जितके कॉम्प्रेशन हुशार, तितके उलगडणे महाग, असेच बहुधा घडते.

मीडियाइन्फो हा मोफत प्रोग्रॅम वापरून फोनच्या एका फाइलचा तपशील येथे द्याल का? कोडेक (कॉम्प्रेस करण्याची व उलगडण्याची पद्धत), प्रोफाइल, बिट डेप्थ (रंगाच्या नोंदीची सूक्ष्मता), फ्रेम रेट (सेकंदाला किती चौकटी) आणि रंगांविषयीच्या ओळी हव्या आहेत.

सायंतारा
यंत्रवेध यांच्याशी सहमत आहे. फाइलचे नाव .एमपी४ ने संपते एवढ्यावरून आत काय आहे ते कळत नाही, हे नवीन वाचकांसाठी येथे नोंदवून ठेवते. एमपी४, एमकेव्ही आणि एव्हीआय हे कंटेनर, म्हणजे केवळ वेष्टने, आहेत. त्यांच्या आत चित्राचा एक प्रवाह, ध्वनीचा एक किंवा अधिक प्रवाह आणि कधी उपशीर्षके असतात. एकाच .एमपी४ मध्ये एच.२६४ (एचईव्हीसीच्या आधीचा कोडेक) असू शकते, एचईव्हीसी असू शकते किंवा एव्ही१ असू शकते. "माझ्याकडे एमपी४ चालत नाही" या तक्रारीचे उत्तर म्हणूनच कोणालाही देता येत नाही.

धूमकेतू_९
एखादा चांगला कोडेक पॅक टाकून पाहा. माझ्या जुन्या संगणकावर त्याने बराच फरक पडला होता.

यंत्रवेध
धूमकेतू_९, येथे माझे मत वेगळे आहे. विंडोजमध्ये जे प्लेअर प्रणालीत नोंदवलेले कोडेक वापरतात, त्यांनाच अशा पॅकचा उपयोग होतो. व्हीएलसी आणि एमपीव्ही यांसारख्या प्लेअरमध्ये आवश्यक ते सर्व कोडेक आतच असतात. बाहेरून काही टाकल्याने त्यांच्या वागण्यात फरक पडत नाही. शिवाय कोडेक नसेल तर चित्र मुळीच दिसत नाही किंवा संदेश येतो. येथे चित्र दिसते पण वेळेवर येत नाही, म्हणजे कोडेक आहे, क्षमता कमी पडते आहे. दोन पॅक एकमेकांच्या जागा बळकावतात तेव्हा पूर्वी चालणारे व्हिडिओही बंद पडतात, आणि तो गुंता सोडवणे फार कष्टाचे असते.

पाणवठा
मला वाटते की तुम्ही सर्वजण प्रोसेसरकडे घाईने बोट दाखवत आहात. माझ्याकडे अगदी हीच लक्षणे होती आणि दोष बाहेरच्या डिस्कमध्ये निघाला. काही भाग वाचताना डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करत असे आणि तेवढा वेळ चित्र गोठत असे. क्षितिजरेषा यांनी आधी एक फाइल लॅपटॉपच्या अंतर्गत डिस्कवर नकलून तेथून चालवून पाहावी.

मोजपट्टी
पाणवठा यांनी सुचवलेली परीक्षा अवश्य करावी, कारण तिला काहीच खर्च नाही. पण गणितही सोबत ठेवू या. फोनच्या व्हिडिओचा बिटरेट (सेकंदाला लागणारे बिट) अगदी ५० मेगाबिट धरला, तरी ते सेकंदाला ६.२५ मेगाबाइट एवढेच होते. यूएसबी २.० च्या जुन्या जोडणीतूनही प्रत्यक्षात सेकंदाला ३० मेगाबाइटच्या आसपास मिळतात. निरोगी डिस्क येथे अडथळा ठरणार नाही, आजारी डिस्क मात्र नक्की ठरेल. त्यामुळे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते ती स्मार्ट नोंद पाहावी. तिच्यात पुनर्वाटप झालेली किंवा प्रलंबित सेक्टर (डिस्कचे खराब झालेले किंवा वाचता न येणारे भाग) यांची संख्या शून्याहून अधिक असेल, तर व्हिडिओचा विचार बाजूला ठेवून प्रथम सर्व फायली दुसऱ्या डिस्कवर हलवाव्यात.

दोष नेमका कोठे आहे हे ओळखण्यासाठी मी पुढील क्रम पाळतो. व्हिडिओ चालू असताना टास्क मॅनेजर उघडावा. प्रोसेसरचा आलेख शंभर टक्क्यांजवळ टेकला असेल आणि डिस्क जवळजवळ रिकामी असेल, तर उलगडण्याचे काम झेपत नाही. डिस्कचा सक्रिय वेळ सतत शंभर टक्के असेल आणि प्रोसेसर शांत असेल, तर वाचन अडते आहे. दोन्ही शांत असूनही चित्र ठराविक लयीत हिसके देत असेल, तर तो पडद्याच्या रिफ्रेश रेटचा (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने दाखवतो त्याचा) प्रश्न असतो: २५ चौकटींचा व्हिडिओ ६० हर्ट्झच्या पडद्यावर समान भागांत बसत नाही, काही चौकटी दोन वेळा तर काही तीन वेळा दाखवल्या जातात, आणि कॅमेरा संथपणे वळतो तेव्हा हे नजरेला खुपते. हा दोष कितीही ताकदीच्या संगणकावर दिसतो. पडदा ५० हर्ट्झवर नेता आला तर तो नाहीसा होतो.

व्हीएलसीमध्ये माध्यमाच्या माहितीच्या खिडकीत सांख्यिकीचे पान असते, तेथे गमावलेल्या चौकटींचा आकडा वाढताना दिसतो. एमपीव्हीमध्ये इंग्रजी आय ही कळ दाबली की पडद्यावरच हा तपशील येतो, आणि हार्डवेअर डीकोडिंग (चिपवरील खास सर्किटने व्हिडिओ उलगडणे) चालू आहे की नाही हेही तेथेच कळते.

क्षितिजरेषा
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मीडियाइन्फोने दिलेला तपशील असा आहे: एचईव्हीसी, प्रोफाइल मेन १०, १० बिट, ३८४० गुणिले २१६०, फ्रेम रेट बदलता आणि सरासरी ६० च्या जवळ, रंग बीटी.२०२०, ट्रान्स्फर एचएलजी. अंतर्गत डिस्कवरून चालवले तरी अडखळणे तसेच राहते. प्रोसेसरचा आलेख वर टेकलेला असतो आणि डिस्क जवळजवळ निष्क्रिय असते. डिस्कच्या स्मार्ट नोंदीत दोष नाही.

यंत्रवेध
मग निदान झाले. एचईव्हीसीचे मानक २०१३ मध्ये आले. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ८ बिट एचईव्हीसी उलगडणारे पूर्ण सर्किट सहाव्या पिढीपासून आणि १० बिटसाठीचे सातव्या पिढीपासून मिळते. तुमच्या चौथ्या पिढीच्या चिपमध्ये एच.२६४ साठी असे सर्किट आहे, पण या फाइलसाठी नाही. परिणामी सर्व गणित प्रोसेसरच्या सर्वसाधारण गाभ्यांवर (कोअरवर) पडते, आणि ६० चौकटींचे ४के १० बिट चित्र त्यांना झेपणे शक्य नाही. प्लेअरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर डीकोडिंगला खूण केली तरी, जे सर्किट चिपवर नाही ते त्या खुणेने येत नाही.

फिके रंग हा मात्र निराळा विषय आहे. व्हिडिओ एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला असलेला) आहे आणि तुमचा पडदा बहुधा साधा आहे. बीटी.२०२० चे विस्तृत रंग साध्या पडद्याच्या बीटी.७०९ मध्ये रूपांतरित न करता जसेच्या तसे दाखवले की सर्व काही धुतल्यासारखे दिसते. त्यासाठी टोन मॅपिंग, म्हणजे उजेड व रंग साध्या पडद्याच्या आवाक्यात बसवणे, करावे लागते. एमपीव्ही ते आपोआप करतो, परंतु तुमच्या यंत्रावर तो आधीच थकलेल्या संगणकावर आणखी काम लादेल.

लॅपटॉपच्या आतली धूळही एकदा काढून घ्यावी. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो, त्यामुळे पहिली काही मिनिटे चालणारा व्हिडिओ नंतर अडखळू लागतो. तुमच्याकडे तो आरंभापासून अडखळतो म्हणून हे मुख्य कारण नाही, पण पुढे तासन्‌तास एन्कोडिंग (व्हिडिओ नव्याने कॉम्प्रेस करण्याचे काम) करायचे असेल तर याचा उपयोग होईल.

सायंतारा
मला तीन मार्ग दिसतात. नवीन संगणक घेणे, फोनच्या मूळ फायली जतन करून पाहण्यासाठी १०८०पी (१९२० गुणिले १०८०) एच.२६४ ची वेगळी प्रत तयार करणे, किंवा हे व्हिडिओ फोनवरून अथवा टीव्हीवरूनच पाहणे. अलीकडच्या अनेक टीव्हींमध्ये एचईव्हीसी १० बिटसाठी सर्किट असते, त्यामुळे पेनड्राइव्ह टीव्हीला जोडला की जे लॅपटॉपला जमले नाही ते तेथे सहज जमते. मी स्वतः दुसरा मार्ग निवडीन. प्रत बनवताना ८ बिट आणि ४:२:० (रंगाची नोंद कमी बारकाईने ठेवण्याची नेहमीची पद्धत) हे दोन्ही पाळा. १० बिटचे एच.२६४ केले तर घरगुती संगणकांतील बहुतेक हार्डवेअर डीकोडर ते स्वीकारत नाहीत आणि सर्व भार पुन्हा प्रोसेसरवर येतो.

वेचणी
येथे मी थोडा विरोध नोंदवतो. जागा वाचवणे हाही मूळ प्रश्नाचा भाग होता. एच.२६४ मध्ये प्रती करून आणि मूळही ठेवून जागा वाढणार, घटणार नाही. त्यापेक्षा सर्व काही एचईव्हीसी किंवा एव्ही१ मध्ये एकदाच न्यावे. एचईव्हीसीचे उद्दिष्टच मुळी तेवढ्याच दर्जाला एच.२६४ च्या निम्मा बिटरेट पुरावा असे होते, आणि २०१८ मध्ये आलेले एव्ही१ त्याहून पुढे जाते. लॅपटॉप आज ना उद्या बदलणारच आहे. जुन्या यंत्रासाठी जुने स्वरूप निवडणे मला पटत नाही.

मोजपट्टी
वेचणी, दीर्घ मुदतीसाठी नवीन कोडेक निवडावा हे मान्य. पण फोनच्या फायली आधीच एचईव्हीसीमध्ये आहेत. त्या पुन्हा एचईव्हीसीमध्ये नेल्याने जी जागा वाचेल ती दर्जा देऊनच वाचेल, कारण पहिल्या कॉम्प्रेशनने टाकून दिलेला तपशील परत येत नाही आणि त्या कॉम्प्रेशनने निर्माण केलेले चौकोनी डाग, कडांभोवतीची थरथर हे सर्व दुसऱ्या एन्कोडरला खरे चित्र वाटते. तो त्यांच्यासाठीही बिट खर्च करतो. एव्ही१ चे दर्जेदार एन्कोडिंग या लॅपटॉपवर अतिशय संथ होईल, आणि ते पाहायला पुन्हा हार्डवेअर नाही; इंटेलमध्ये एव्ही१ उलगडण्याचे सर्किट अकराव्या पिढीच्या लॅपटॉप चिपपासून आले.

आपण दोन गरजा मिसळत आहोत असे मला वाटते. जतन करायची फाइल एक असते आणि पाहायची फाइल दुसरी. पाहण्याच्या प्रतीला कमी जागा द्यावी, ती हवी तेव्हा पुन्हा बनवता येते.

वेचणी
फोनच्या फायलींबाबत तुमचा मुद्दा स्वीकारतो. डीव्हीच्या १३ जीबीबाबत मात्र माझे मत कायम आहे. त्या चित्रात जेवढा तपशील आहे त्या मानाने ती जागा फार आहे.

रीळघर
वेचणी यांच्या या शेवटच्या वाक्यावर सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण कॅसेटवरून उतरवलेल्या घरगुती चित्रणाचे सर्वाधिक नुकसान नेमके याच टप्प्यावर होते आणि ते अनेक वर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही.

क्षितिजरेषा यांना दिसणाऱ्या आडव्या रेषा हा बिघाड नाही. डीव्हीचे चित्रण इंटरलेस्ड असते. प्रत्येक चौकटीत दोन क्षेत्रे असतात, एकात सम क्रमांकाच्या ओळी आणि दुसऱ्यात विषम, आणि ती दोन क्षेत्रे सेकंदाच्या ५० व्या भागाच्या अंतराने टिपलेली असतात. म्हणजे २५ चौकटींच्या फाइलमध्ये प्रत्यक्षात सेकंदाला ५० वेगवेगळे क्षण साठवलेले आहेत. जुना टीव्ही ती क्षेत्रे एकामागून एक दाखवत असे, म्हणून हालचाल अत्यंत प्रवाही दिसे. संगणक दोन्ही क्षेत्रे एकदम दाखवतो, म्हणून हलणाऱ्या वस्तूच्या कडा दोन ठिकाणी दिसतात.

घाईने कॉम्प्रेस करणारे बहुतेक जण पुढीलपैकी काहीतरी करतात. काही जण इंटरलेसिंगकडे लक्ष न देता चित्राची उंची बदलतात. त्यामुळे दोन क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि ते मिश्रण नंतर कोणत्याही फिल्टरने वेगळे करता येत नाही. काही जण डीइंटरलेस करतात, म्हणजे क्षेत्रांपासून पूर्ण चौकटी बनवतात, पण २५ चौकटीच ठेवतात, म्हणजे निम्मे क्षण टाकून देतात. मूल धावताना, कोणी नाचताना जो सलगपणा होता तो नाहीसा होतो. आणि काही जण क्षेत्रांचा क्रम उलटा सांगतात. डीव्हीमध्ये खालचे क्षेत्र प्रथम असते. ते उलटे धरले की प्रत्येक हालचाल पुढे-मागे थरथरते.

मी असे सुचवेन की डीव्हीची मूळ फाइल तशीच ठेवावी. पाहण्यासाठी प्रत बनवताना एफएफएमपेग या मोफत प्रोग्रॅममधील बीडब्ल्यूडिफ हा फिल्टर वापरावा, प्रत्येक क्षेत्राची एक चौकट करून ५० चौकटींचा व्हिडिओ तयार करावा, आणि त्यानंतरच गरज असल्यास आकार बदलावा. पिक्सेलचे प्रमाणही तपासा: ७२० गुणिले ५७६ हे चित्र ४:३ मध्ये दाखवायचे असते आणि त्याचे पिक्सेल चौरस नसतात, त्यामुळे ही नोंद हरवली की माणसे किंचित बारीक आणि उंच दिसू लागतात.

आता मूळ का ठेवायचे ते सांगतो. डीइंटरलेसिंग म्हणजे गाळलेल्या ओळींचा अंदाज. पूर्वीचे साधे फिल्टर ज्या कडा खडबडीत करत, त्या आजचे फिल्टर बऱ्याच चांगल्या राखतात, आणि ही सुधारणा थांबलेली नाही. ज्यांनी मूळ जपले त्यांनाच त्याचा लाभ होतो. कॅसेटची फीत दरवर्षी अधिक दुर्बळ होत आहे आणि ती चालवणारे कॅमेरे दुर्मिळ होत आहेत, त्यामुळे आज डिस्कवर असलेली डीव्ही फाइल हीच आता मूळ प्रत समजावी. डीव्हीसोबत चित्रणाची तारीख आणि वेळही नोंदलेली असते, तीही सर्वसाधारण रूपांतरात गळून पडते.

वेचणी
रीळघर, इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल आभारी आहे. ५० क्षणांचा मुद्दा माझ्या विचारात आलेला नव्हता. डीव्हीबाबतचा आग्रह मी मागे घेतो.

धूमकेतू_९
डीव्हीडींचे काय करावे? त्याही इंटरलेस्डच ना?

रीळघर
कॅमेऱ्यावरून घरी केलेल्या असतील तर बहुधा होय. त्यांत एमपेग-२ हा जुना कोडेक असतो आणि त्यातील चित्राचा बिटरेट जास्तीत जास्त सेकंदाला ९.८ मेगाबिट असतो. ही फाइल पुन्हा कॉम्प्रेस करण्याची गरज नाही. एफएफएमपेगमध्ये प्रवाह जसेच्या तसे नकलण्याचा पर्याय असतो. त्याने आतील चित्र व ध्वनी यांना स्पर्श न करता ते एमकेव्हीमध्ये ठेवता येतात. हे काम डिस्क वाचण्याच्या वेगाने होते, त्यात दर्जाची हानी शून्य असते आणि हा लॅपटॉप एमपेग-२ सहज चालवतो. मात्र आधी डीव्हीडी पूर्ण वाचली जाते का ते पाहा. घरी लिहिलेल्या डीव्हीडीचा रंगद्रव्याचा थर काळाने खराब होतो, त्यामुळे तुमच्या तिन्ही प्रकारांत सर्वाधिक घाई डीव्हीडींची आहे.

क्षितिजरेषा
डीव्हीडींना प्राधान्य देतो. आता पाहण्याच्या प्रतींसाठी हँडब्रेक हा रूपांतराचा प्रोग्रॅम उघडला आहे. त्यात दर्जाचा सरकता आकडा आहे आणि सरासरी बिटरेटही आहे. कोणता निवडावा? शिवाय इंटेल क्विक सिंक नावाचा एन्कोडर दिसतो, तो फार वेगवान आहे.

मोजपट्टी
ठरावीक आकाराच्या माध्यमात फाइल बसवायची असेल, तरच सरासरी बिटरेट निवडावा आणि तेव्हा दोन फेऱ्यांचे एन्कोडिंग करावे. आकाराचे सूत्र सोपे आहे: बिटरेट गुणिले सेकंद, भागिले ८. सेकंदाला ८ मेगाबिट या दराने एक तासाला ३,६०० मेगाबाइट लागतात. चित्र कोणत्या कोडेकमध्ये आहे याने या उत्तरात काहीच फरक पडत नाही.

एरवी सीआरएफ, म्हणजे तुम्हाला दिसणारा सरकता आकडा, हाच योग्य आहे. त्यात आपण दर्जा ठरवतो आणि प्रत्येक प्रसंगाला किती बिट द्यायचे ते एन्कोडर ठरवतो. शांत बसलेल्या माणसाला थोडे पुरतात, पाऊस किंवा गर्दी यांना पुष्कळ लागतात. एक्स२६४ या एच.२६४ च्या एन्कोडरमध्ये मूळचा आकडा २३ आणि एक्स२६५ या एचईव्हीसीच्या एन्कोडरमध्ये २८ असतो. या दोन मोजपट्ट्या वेगळ्या आहेत, त्यामुळे एकीचा आकडा दुसरीत वापरू नये. आकडा ६ ने वाढवला की फाइल साधारणतः निम्मी होते. घरगुती चित्रणासाठी एक्स२६४ मध्ये १८ ते २१ पासून आरंभ करा.

मात्र संपूर्ण फाइलवर प्रयोग करू नका. सर्वांत कठीण मिनिट निवडा: मंद प्रकाश, हलती गर्दी, पाणी किंवा झाडांची पाने. ते मिनिट ज्या आकड्यावर चांगले दिसेल, तो आकडा बाकीच्यांना पुरेल. अंधारलेल्या भिंतींकडे आणि संध्याकाळच्या आकाशाकडे विशेष लक्ष द्या, तेथे कमी बिटरेटचे पट्टे सर्वांत आधी दिसतात. मंद प्रकाशातील कणीदार चित्रण अपेक्षेपेक्षा फार मोठे होते, कारण प्रत्येक चौकटीतील कण नवे असतात आणि एन्कोडरला मागच्या चौकटीचा आधार घेता येत नाही. तेथे सौम्य डीनॉइज फिल्टर लावल्यास आकार बराच उतरतो. अधिक लावला तर चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात.

क्विक सिंक वेगवान आहे हे खरे, पण तुमच्या पिढीतील एन्कोडर त्याच आकारात एक्स२६४ एवढे चांगले चित्र देत नाही. चित्रण एकदा एन्कोड करायचे आणि अनेकदा पाहायचे आहे. रात्रभर संगणक चालू राहिला तरी चालेल.

सायंतारा
फोनच्या फायलींसाठी फ्रेम रेट स्थिर ठेवण्याचा पर्याय निवडायला विसरू नका. फोन प्रकाश कमी झाला किंवा तो तापला की चौकटींचे अंतर बदलतो. प्लेअर वेळेच्या खुणा पाहून ते सांभाळतो, पण संपादनाचे काही प्रोग्रॅम सर्व अंतरे समान धरतात आणि लांब व्हिडिओच्या शेवटी ओठ आणि शब्द यांची ताटातूट होते. साध्या पडद्यासाठी टोन मॅपिंगही याच वेळी करून घ्यावे, म्हणजे लॅपटॉपला ते पुन्हा करावे लागणार नाही.

यापुढचे चित्रण लॅपटॉपवर पाहायचे असेल तर फोनच्या कॅमेऱ्यात सुसंगततेला प्राधान्य देणारे स्वरूप निवडता येते, मग तो एच.२६४ मध्ये टिपतो. महत्त्वाच्या प्रसंगांसाठी मी तसे करणार नाही. तेव्हा सर्वोत्तम दर्जाच हवा.

पाणवठा
न उघडणारी एमपी४ फाइल सर्वांच्या बोलण्यातून सुटली आहे. ती कोणत्या यंत्रावरची आहे आणि चित्रण कसे थांबले होते?

क्षितिजरेषा
छोट्या कॅमेऱ्यावरची आहे. चित्रण सुरू असतानाच बॅटरी संपली होती. त्याच कॅमेऱ्याच्या इतर फायली उत्तम चालतात. एफएफएमपेगला दिली तर "मूव्ह ॲटम नॉट फाउंड" असा संदेश येतो.

पाणवठा
मग आशा आहे. एमपी४ मध्ये चित्र आणि ध्वनी यांचा मजकूर एका भागात असतो, आणि कोणती चौकट कोठे सुरू होते, किती बाइटची आहे, केव्हा दाखवायची याची सूची मूव्ह नावाच्या दुसऱ्या भागात असते. बहुतेक कॅमेरे ही सूची चित्रण थांबवल्यावर लिहितात. बॅटरी संपल्यामुळे ती लिहिली गेली नाही. चित्रण जागच्या जागी आहे, पण ते वाचायचे कसे हे प्लेअरला कळत नाही.

अनट्रंक नावाचा मुक्त स्रोत प्रोग्रॅम आहे. त्याला त्याच कॅमेऱ्याने त्याच सेटिंगवर टिपलेली एक चांगली फाइल संदर्भ म्हणून द्यावी लागते. तिच्यावरून रचना ओळखून तो तुटलेल्या फाइलसाठी नवी सूची बांधतो. रिझोल्यूशन आणि फ्रेम रेट दोन्ही फायलींत एकच असले पाहिजेत, अन्यथा निकाल चुकीचा येतो. काम नेहमी नकलेवरच करा, आणि ते मेमरी कार्ड अजून तुमच्याकडे असेल तर त्यावर नवे काहीही लिहू नका.

याच कारणासाठी संगणकाच्या पडद्याचे चित्रण करताना अनेक जण एमकेव्हीमध्ये नोंद करतात. वीज गेली तरी तोवरचा भाग वाचता येतो, आणि नंतर पुन्हा एन्कोड न करता ते एमपी४ मध्ये हलवता येते.

क्षितिजरेषा
अनट्रंकने फाइल उघडली. चित्र पूर्ण आहे. शेवटचे काही क्षण ध्वनी तुटक आहे, पण त्याआधीचे सर्व बोलणे स्पष्ट ऐकू येते. पाणवठा, तुमचे आभार शब्दांत मानणे कठीण आहे.

फोनच्या एका कठीण मिनिटाची १०८०पी एच.२६४ प्रत सीआरएफ २० वर, ८ बिटमध्ये, टोन मॅपिंगसह केली. ती चालू असताना प्रोसेसरचा आलेख तळाशी राहतो, एमपीव्ही हार्डवेअर डीकोडिंग चालू असल्याचे दाखवतो आणि एकही चौकट गळत नाही. डीव्हीच्या फाइलची ५० चौकटींची प्रत पाहताना कडांवरच्या रेषा गेल्या आहेत आणि हालचाल खरोखरच पूर्वी टीव्हीवर दिसत असे तशी सलग दिसते. मूळ फायली दोन वेगळ्या डिस्कवर ठेवतो आहे. नकललेली फाइल मूळाशी तंतोतंत जुळते की नाही हे कसे पडताळावे?

मोजपट्टी
दोन्ही फायलींची एसएचए-२५६ ही तपासणी संख्या काढा. एक बाइट जरी बदलला तरी ती संख्या वेगळी येते. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये आणि लिनक्समध्ये ही सोय आधीपासूनच असते. त्या संख्या एका साध्या मजकूर फाइलमध्ये लिहून ती फाइल दोन्ही डिस्कवर ठेवा, आणि वर्षातून एकदा पुन्हा काढून जुळवा. एका डिस्कवरील प्रत जुळली नाही तर दुसरीवरून ती लगेच बदलता येईल.